वायफाय कंट्रोलरचे आयपी पत्ते आणि रूटिंग: परतीची वाट लिहिली का?

वसतिगृहातली मुलं वायफायची तक्रार एका वाक्यात करतात: ‘वायफाय लागी जास, पन नेट चालस नही.’ रेंज पूर्ण दिसते, पासवर्ड घेतला जातो आणि पुढे काहीच उघडत नाही. मग नवा ॲक्सेस पॉइंट (भिंतीवरचा वायफाय देणारा डबा) मागवला जातो, जुना दुसऱ्या भिंतीवर लावून बघितला जातो. पण फोन जोडला गेला आणि रेंज चांगली आहे, म्हणजे रेडिओने आपलं काम केलेलं असतं. अशा वेळी दोष बहुधा त्याच्या मागे, या सगळ्या डब्यांना सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या आयपी पत्त्यांत नाहीतर रूटिंगमध्ये, म्हणजे वाट ठरवण्याच्या कामात असतो. त्यातही एक चूक पुन्हा पुन्हा सापडते. पॅकेट (डेटाचा तुकडा) जायची वाट सगळे लिहितात, त्याचं उत्तर परत यायची वाट लिहायची राहून जाते.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेजांत, दवाखान्यांत, सावदा-रावेरकडच्या केळीच्या पॅकहाउसमध्ये आता तीस-चाळीस ॲक्सेस पॉइंट आणि त्यांच्यावर एक कंट्रोलर ही रचना सर्रास दिसते. बसवणारा माणूस एकदा येऊन जातो, पुढचं सगळं तिथल्याच संगणक विभागाला बघावं लागतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून एक काल्पनिक शिक्षणसंस्था घेऊ: मुख्य आवार जळगावला, आवारातच वसतिगृह आणि एक शाखा चोपड्याला.

आधी कंट्रोलर नेमकं काय करतो ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. या रचनेत ॲक्सेस पॉइंट फोनकडून आलेलं पॅकेट थेट स्विचवर सोडत नाही. तो ते एका वेष्टनात घालून टनेलमधून कंट्रोलरकडे पाठवतो. कॅपवॅप नावाच्या पद्धतीत हे काम यूडीपीच्या ५२४६ आणि ५२४७ या पोर्टवर चालतं, पहिला नियंत्रणासाठी आणि दुसरा डेटासाठी. कंट्रोलर वेष्टन काढतो आणि आतलं पॅकेट योग्य त्या व्हीलॅनमध्ये (त्याच तारांवर आखलेल्या वेगळ्या जाळ्यात) सोडतो. म्हणजे विद्यार्थी तिसऱ्या मजल्यावर बसलेला असला, तरी नेटवर्कच्या दृष्टीने त्याचा फोन कंट्रोलरच्या पोर्टवर उगवतो.

यातून एक गोष्ट ओघानेच येते. मजल्यावरच्या स्विचला विद्यार्थ्यांची व्हीलॅन द्यायची गरज नाही, तिथे फक्त ॲक्सेस पॉइंटची व्हीलॅन पुरते. विद्यार्थ्यांची, कर्मचाऱ्यांची व्हीलॅन लागते ती कंट्रोलर आणि मुख्य स्विच यांच्यामधल्या ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र वाहणाऱ्या जोडणीवर. अनेक ठिकाणी हे उलटं केलेलं असतं. सगळ्या मजल्यांवर सगळ्या व्हीलॅन पसरलेल्या आणि कंट्रोलरच्या ट्रंकवर नेमकी एक राहिलेली.

पत्त्यांचा आराखडा

कीबोर्डला हात लावण्याआधी कागदावर पत्ते मांडा. खासगी वापरासाठी तीन गट राखून ठेवलेले आहेत: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. तिरप्या रेषेनंतरचा आकडा गटाचा आकार सांगतो, आकडा जितका लहान तितका गट मोठा. यातला १९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० हा भाग टाळा. घरोघरचे ब्रॉडबँड राउटर हेच पत्ते घेऊन येतात. उद्या चोपड्याची शाखा व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी वाटेने) जोडली आणि दोन्हीकडे १९२.१६८.१.० निघालं, तर तिकडच्या संगणकाला जळगावचा सर्व्हर आपल्याच खोलीत आहे असं वाटेल. तो पॅकेट गेटवेकडे, म्हणजे जाळ्याबाहेर नेणाऱ्या उपकरणाकडे देणारच नाही, नुसता एआरपी (‘हा पत्ता इथे कोणाचा?’ ही जाळ्यापुरती हाक) विचारत बसेल. तेव्हा नव्याने पत्ते बदलणं हे आठवडाभराचं काम होतं.

आपल्या संस्थेसाठी जळगावला १०.२०.०.०/१६ आणि चोपड्याला १०.२१.०.०/१६ असे दोन मोठे गट ठेवू. जळगावच्या गटाची वाटणी अशी:

व्हीलॅन ५, सर्व्हर: १०.२०.५.०/२४, त्यात डीएचसीपी सर्व्हर (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारा) १०.२०.५.१०
व्हीलॅन १०, व्यवस्थापन: १०.२०.१०.०/२४, गेटवे १०.२०.१०.१, कंट्रोलर १०.२०.१०.५
व्हीलॅन १२, ॲक्सेस पॉइंट: १०.२०.१२.०/२४
व्हीलॅन २०, कर्मचारी: १०.२०.२०.०/२३
व्हीलॅन ३२, विद्यार्थी: १०.२०.३२.०/२१
व्हीलॅन ५०, पाहुणे: १७२.१६.५०.०/२३
मुख्य स्विच ते फायरवॉल (इंटरनेटच्या तोंडावरचं उपकरण): १०.२०.२५४.०/३०, स्विचकडे १०.२०.२५४.१ आणि फायरवॉलकडे १०.२०.२५४.२

आकार कसा ठरवायचा? /२४ मध्ये २५४ उपकरणं मावतात, /२३ मध्ये ५१०, /२२ मध्ये १०२२ आणि /२१ मध्ये २०४६. वसतिगृहात सहाशे मुलं असतील तर प्रत्येकाचा फोन आणि निम्म्याहून जास्त जणांचा लॅपटॉप धरा, वर दिवसा येणारी मुलं. १०२२ अपुरे पडतील, म्हणून /२१. शिवाय अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खरा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळखक्रमांक) न देता बनवलेला देतात. एका नेटवर्कला बहुधा एकच बनावट मॅक राहतो, पण फोनवर नेटवर्क विसरून पुन्हा जोडलं किंवा फोन रीसेट केला की तो बदलू शकतो. मग सर्व्हरच्या लेखी ते नवं उपकरण असतं आणि जुना पत्ता लीज (पत्ता वापरायला दिल्याची मुदत) संपेपर्यंत अडकून राहतो. म्हणून विद्यार्थ्यांसाठी लीज आठ-दहा तासांची आणि पाहुण्यांसाठी एक-दोन तासांची ठेवा. विंडोज सर्व्हर मुळात आठ दिवसांची लीज देतो. ऑफिसातल्या डेस्कटॉपला ती ठीक आहे, वसतिगृहाला नाही.

/२१ घेताना तिसरा आकडा आठच्या पाढ्यातला हवा: २४, ३२, ४०. कोणी घाईत १०.२०.३०.१ ला /२१ लावलं, तर ते जाळं ३० पासून सुरू होत नाही. ते १०.२०.२४.० ते १०.२०.३१.२५५ असं बसतं आणि त्या पट्ट्यात आधीपासून काही असेल तर त्याच्यावर चढतं.

गेटवे कोण?

हा निर्णय सुरुवातीलाच घ्या आणि लिहून ठेवा. फोनचा गेटवे मुख्य लेयर-३ स्विच (रूटिंगही करणारा स्विच) असेल, की कंट्रोलर स्वतः?

माझं मत स्पष्ट आहे. कर्मचारी आणि विद्यार्थी यांचा गेटवे मुख्य स्विचवरच ठेवा. कंट्रोलरने त्यांचं पॅकेट व्हीलॅनमध्ये सोडावं आणि बाजूला व्हावं. मग कंट्रोलरच्या रूटिंग टेबलात एकच ओळ लागते: ०.०.०.०/० साठी १०.२०.१०.१. हाच डिफॉल्ट रूट, दुसरी ओळ लागू नसेल तेव्हाची वाट. ही ओळ कंट्रोलरच्या स्वतःच्या बोलण्यासाठी आहे, म्हणजे ॲक्सेस पॉइंटशी, एनटीपीशी (घड्याळ जुळवणारी सेवा), रेडियस सर्व्हरशी (लॉगिन तपासणारा). विद्यार्थ्यांचं यूट्यूब या ओळीवरून जात नाही. सिस्कोचे जुने एअरओएस कंट्रोलर तर वापरणाऱ्यांचं रूटिंग करतच नाहीत. अरुबाच्या कंट्रोलरमध्ये ते करता येतं, पण करता येतं म्हणून करायलाच हवं असं नाही.

पाहुण्यांचं जाळं हा अपवाद. ते आतल्या जाळ्यापासून वेगळं ठेवायचं असतं, म्हणून कंट्रोलर रूटिंग करू शकत असेल तर त्यालाच १७२.१६.५०.१ हा पत्ता देऊन गेटवे करतात. इथे दोन वाटा आहेत. पहिली, कंट्रोलरवरच नॅट (पॅकेटवरचा मूळ पत्ता बदलणं) लावायचं. मग बाहेर पडणारं प्रत्येक पॅकेट १०.२०.१०.५ च्या नावाने जातं आणि परतीची चिंता राहत नाही. दुसरी, नॅट न लावता तसंच पाठवायचं. मग मुख्य स्विचला सांगावं लागतं की १७२.१६.५०.०/२३ हे १०.२०.१०.५ च्या मागे आहे. फायरवॉललाही सांगावं लागतं की हाच गट १०.२०.२५४.१ च्या मागे आहे. या दोन ओळींपैकी एक जरी राहिली, तरी पाहुण्याचं पॅकेट गुगलपर्यंत जाऊन येतं आणि उत्तर फायरवॉलवर नाहीतर स्विचवर येऊन वाट चुकतं. कंट्रोलरवर सगळं हिरवं दिसत असतं, कारण चूक कंट्रोलरवर नसतेच.

रूटिंग टेबलचं काम भुसावळ जंक्शनसारखं आहे. मुंबईहून आलेली गाडी पुढे नागपूरकडे सोडायची की इटारसीकडे, एवढंच तिथे ठरतं. गाडीचा अख्खा प्रवास तिथे लिहिलेला नसतो. प्रत्येक उपकरण पुढचा एकच टप्पा ठरवतं, म्हणून जाण्याच्या आणि येण्याच्या वाटेवरच्या प्रत्येक उपकरणाला त्या पत्त्याची माहिती हवी. दोन ओळी एकाच पत्त्याला लागू पडत असतील तर जास्त नेमकी ओळ जिंकते: /२४ ही /१६ च्या आधी, आणि /० सगळ्यांत शेवटी.

हाताने करायचं काम

कन्सोल केबल (कंट्रोलरला थेट जोडायची तार) लावून सुरुवात करा. नेटवर्कवरून कंट्रोलरचा पत्ता बदलायला गेलात तर मध्येच तुमचीच जोडणी तुटते.

पहिलं काम घड्याळाचं. ॲक्सेस पॉइंट आणि कंट्रोलर एकमेकांना प्रमाणपत्र दाखवून ओळखतात. कंट्रोलरचं घड्याळ मागच्या कुठल्या तरी वर्षात अडकलं असेल तर प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही असं धरलं जातं आणि ॲक्सेस पॉइंट जोडला जात नाही. आधी वेळ हाताने घाला, मग एनटीपी सर्व्हर द्या.

मग व्हीलॅन तयार करा आणि कंट्रोलरचा पोर्ट ट्रंक करा. इथे दोन खड्डे आहेत. एक, नेटिव्ह व्हीलॅन. एअरओएस कंट्रोलरमध्ये मॅनेजमेंट इंटरफेसला व्हीलॅन ० दिली तर त्याची पॅकेटं टॅगशिवाय (व्हीलॅनचा क्रमांक न लावता) निघतात. समोर स्विचच्या ट्रंकवर नेटिव्ह व्हीलॅन १ असेल तर ती व्हीलॅन १ मध्ये पडतात, आणि तुम्ही व्हीलॅन १० मध्ये कंट्रोलर शोधत बसता. एकतर दोन्हीकडे टॅग लावा, नाहीतर दोन्हीकडे नेटिव्ह एकच ठेवा. दुसरा खड्डा जास्त महागात पडतो. सिस्को स्विचवर ट्रंकच्या यादीत नवी व्हीलॅन घालताना ‘अलाउड व्हीलॅन’ या आज्ञेत ‘ॲड’ हा शब्द राहिला, तर नवी व्हीलॅन यादीत जोडली जात नाही, तीच अख्खी यादी बनते. बाकी सगळ्या व्हीलॅन त्याच क्षणी ट्रंकवरून उतरतात. परीक्षेच्या दिवसांत ही आज्ञा देऊच नका.

आता पत्ते. कंट्रोलरला १०.२०.१०.५, मास्क २५५.२५५.२५५.० (म्हणजेच /२४), गेटवे १०.२०.१०.१. सिस्को ९८०० मालिकेत व्हीलॅन १० च्या इंटरफेसला हा पत्ता देऊन, मग तोच वायरलेस मॅनेजमेंट इंटरफेस आहे असं वेगळं सांगावं लागतं. अरुबात ‘कंट्रोलर आयपी’ कुठल्या व्हीलॅनचा ते ठरवावं लागतं, आणि ते बदललं की रीबूट मागतो. म्हणून हे पहिल्याच दिवशी नक्की करा. डिफॉल्ट रूट टाकला की तिथेच थांबा आणि पिंग करा: आधी १०.२०.१०.१, मग १०.२०.५.१०, मग १०.२०.२५४.२. पहिलाच पिंग गेला नाही तर एआरपी टेबल बघा. गेटवेसमोर मॅक पत्ता नसेल तर दोष रूटिंगमध्ये नाही, व्हीलॅन किंवा ट्रंकमध्ये आहे. ही पायरी गाळून पुढे गेलात तर नंतर पाच शक्यता एकत्र तपासाव्या लागतात.

पाहुण्यांच्या व्हीलॅनला पत्ता दिल्यावर कधीकधी तो इंटरफेस ‘डाउन’च राहतो. कारण साधं आहे. त्या व्हीलॅनचा एकही तारेचा पोर्ट चालू नाही, सगळे पाहुणे टनेलमधून येणार. इंटरफेस डाउन असेल तर त्याचं जाळं रूटिंग टेबलात येत नाही आणि १७२.१६.५०.१ कोणालाच उत्तर देत नाही. अरुबात त्या इंटरफेसवर ‘ऑपरस्टेट अप’ ही ओळ घातली की तो पोर्टची वाट न बघता उभा राहतो.

सर्व्हिस पोर्टबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. काही कंट्रोलरना व्यवस्थापनासाठी वेगळा पोर्ट असतो. त्याला मॅनेजमेंटच्याच जाळ्यातला पत्ता देऊ नका. ९८०० मध्ये तो स्वतंत्र व्हीआरएफमध्ये असतो, म्हणजे त्याचं रूटिंग टेबलच वेगळं, त्यामुळे घोळ कमी होतो. एअरओएसमध्ये मात्र त्याला डिफॉल्ट गेटवे देता येत नाही, स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेली वाट) टाकावा लागतो. मग कोणी तरी सोय म्हणून १०.०.०.०/८ असा मोठा रूट सर्व्हिस पोर्टमागे लिहितो. ॲक्सेस पॉइंट १०.२०.१२.४० वरून विनंती पाठवतो, ती मॅनेजमेंट पोर्टवर नीट पोचते. कंट्रोलर उत्तर द्यायला जातो तेव्हा त्याला डिफॉल्टपेक्षा नेमकी अशी १०.०.०.०/८ ही ओळ दिसते आणि उत्तर सर्व्हिस पोर्टमधून भलतीकडे जातं. ॲक्सेस पॉइंट दिवसभर विनंत्या पाठवत राहतो. सर्व्हिस पोर्टमागचा रूट ज्या एक-दोन संगणकांवरून कंट्रोलर बघायचा असेल, तेवढ्यापुरताच लिहा.

एअरओएसमधला व्हर्च्युअल इंटरफेस जुन्या बसवणीत १.१.१.१ असा दिलेला सापडतो. तो पत्ता २०१८ पासून क्लाउडफ्लेअरची सार्वजनिक डीएनएस सेवा वापरते. १९२.०.२.१ द्या. हा गट कागदपत्रांतल्या उदाहरणांसाठी राखीव आहे, इंटरनेटवर त्याचं कोणी घर नाही.

एका पॅकेटचा माग

फोनला आयपी मिळतो कसा हे एकदा पायरीपायरीने बघितलं की निम्म्या तक्रारी जागेवर सुटतात.

फोन ०.०.०.० या पत्त्यावरून २५५.२५५.२५५.२५५ ला हाक मारतो: कोणी पत्ता देता का? ही हाक टनेलमधून कंट्रोलरकडे, तिथून व्हीलॅन ३२ मध्ये, तिथून मुख्य स्विचच्या १०.२०.३२.१ या इंटरफेसवर येते. ब्रॉडकास्ट असल्यामुळे ती आपणहून पुढे जात नाही. त्या इंटरफेसवर हेल्पर ॲड्रेस १०.२०.५.१० लिहिलेला असेल तर स्विच त्या हाकेवर ‘ही माझ्या १०.२०.३२.१ कडून आली’ अशी नोंद करून ती सर्व्हरला पाठवतो. सर्व्हर ती नोंद बघूनच ठरवतो की पत्ता कुठल्या स्कोपमधून (त्या जाळ्यासाठीच्या पत्त्यांच्या साठ्यातून) द्यायचा, आणि उत्तर १०.२०.३२.१ च्या नावाने सोडतो.

इथेच परतीची वाट लागते. सर्व्हरला दुसरं नेटवर्क कार्ड असेल आणि डिफॉल्ट गेटवे त्या कार्डावर, एखाद्या वेगळ्या ब्रॉडबँडकडे असेल, तर उत्तर तिकडे निघून जातं. सर्व्हरच्या लॉगमध्ये पत्ता दिला असं दिसतं, फोनवर मात्र ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ फिरत राहतं. विंडोज लॅपटॉप थोड्या वेळाने स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. तो दिसला की समजा, डीएचसीपीचं उत्तर पोचलेलं नाही. उपाय म्हणजे सर्व्हरवर १०.२०.०.०/१६ साठी १०.२०.५.१ असा कायमचा स्टॅटिक रूट.

दुसरी चूक मास्कची, आणि ती फार फसवी आहे. डीएचसीपी स्कोपमध्ये २५५.२५५.२४८.० (/२१) बरोबर लिहिलंय, पण स्विचच्या १०.२०.३२.१ वर सवयीने २५५.२५५.२५५.० पडलंय. सर्व्हर बहुधा खालच्या आकड्यापासून पत्ते देत वर जातो. सकाळी आलेल्या मुलांना १०.२०.३२.x मिळतात आणि सगळं सुरळीत चालतं. संध्याकाळी वसतिगृह भरतं, कोणाला तरी १०.२०.३३.४० मिळतो. त्याच्या मते गेटवे आपल्याच जाळ्यात आहे, म्हणून त्याचं पॅकेट बाहेर जाऊही शकतं. उत्तर फायरवॉलवरून स्विचवर येतं. स्विचला मात्र १०.२०.३२.०/२४ एवढंच ठाऊक असतं. १०.२०.३३.४० त्यात बसत नाही, म्हणून तो डिफॉल्ट रूटने ते पॅकेट पुन्हा फायरवॉलकडे देतो, फायरवॉल पुन्हा स्विचकडे. टीटीएल (पॅकेटला उरलेल्या टप्प्यांची मोजणी) संपेपर्यंत हे चालतं आणि पॅकेट मरतं. ‘सकाळी चालतं, रात्री बंद पडतं’ असं कोणी म्हणालं तर लोड तपासण्याआधी हा मास्क तपासा.

स्विच आणि फायरवॉल यांच्यातली ही फेरी न वापरलेल्या पत्त्यांबाबतही घडते. फायरवॉलवर १०.२०.०.०/१६ चा रूट स्विचकडे आणि स्विचचा डिफॉल्ट फायरवॉलकडे असेल, तर एखाद्या व्हायरसग्रस्त लॅपटॉपने १०.२०.२००.५ सारखे नसलेले पत्ते धुंडाळायला सुरुवात केली की ती सगळी पॅकेटं दोघांत फिरत राहतात. स्विचवर १०.२०.०.०/१६ साठी नल ० असा रूट टाका. खरी जाळी /२१, /२४ अशी जास्त नेमकी असल्यामुळे त्यांना धक्का लागत नाही, आणि बेवारस पॅकेट तिथेच टाकलं जातं.

डीएचसीपी सर्व्हर वेगळा न ठेवता स्विचवरच चालवला असेल, तर आणखी एक भानगड. बऱ्याच स्विचमध्ये कोणाला कुठला पत्ता दिला ही यादी फक्त मेमरीत असते. लोडशेडिंगमध्ये स्विच बंद पडून चालू झाला की यादी कोरी. तो पत्ता देण्याआधी पिंग करून बघतो, पण झोपलेला फोन किंवा फायरवॉल लावलेला लॅपटॉप उत्तर देत नाही, आणि एकच पत्ता दोघांना जातो. यादी फाइलमध्ये साठवायची सोय असेल तर चालू करा. मुळात मुख्य स्विच यूपीएसवर असायला हवा. कंट्रोलर यूपीएसवर आणि स्विच थेट लाइनवर, ही मांडणी फार ठिकाणी असते.

ॲक्सेस पॉइंटला कंट्रोलर कसा सापडतो?

दोघे एकाच व्हीलॅनमध्ये असतील तर ब्रॉडकास्टने सापडतो. आपण ॲक्सेस पॉइंट व्हीलॅन १२ मध्ये ठेवलेत आणि कंट्रोलर १० मध्ये, म्हणून पत्ता सांगावा लागेल. त्यासाठी डीएचसीपीचा ऑप्शन ४३ आहे. सिस्कोसाठी तो सोळाच्या अंकपद्धतीत लिहितात: आधी एफ१, मग लांबी, मग कंट्रोलरचा पत्ता. एका पत्त्याचे चार आकडे, म्हणून लांबी ०४. दोन कंट्रोलर असतील तर ०८. आता १०.२०.१०.५ मधला १० म्हणजे ०ए, २० म्हणजे १४, पुन्हा ०ए आणि ५ म्हणजे ०५. सगळं मिळून एफ१०४०ए१४०ए०५. इथे १४ ऐवजी २० च लिहिलं की ॲक्सेस पॉइंट १०.३२.१०.५ ला शोधायला निघतो, कारण सोळाच्या पद्धतीत २० म्हणजे आपले ३२. हा ऑप्शन फक्त व्हीलॅन १२ च्या स्कोपला लावा.

पाहुण्यांसाठी एक छोटी पण नेहमीची अडचण. त्यांना आतलं जाळं दिसू नये म्हणून १०.०.०.०/८ बंद केलेलं असतं आणि डीएचसीपीत डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) मात्र आतला १०.२०.५.१० दिलेला असतो. नावाचा पत्ताच लागत नाही, म्हणून लॉगिनचं पान उघडत नाही. पाहुण्यांना बाहेरचा डीएनएस द्या.

चोपड्याची शाखा

शाखेत आठ-दहा ॲक्सेस पॉइंट असतील तर वेगळा कंट्रोलर घेऊ नका, जळगावचाच पुरतो. पण डेटा जळगावपर्यंत आणू नका. चोपड्यातल्या मुलाचं पॅकेट जळगावला येऊन इंटरनेटवर जाणार असेल, तर जळगावची लाइन गेली की चोपडाही बंद. सिस्कोत फ्लेक्सकनेक्ट या पद्धतीने नियंत्रण जळगावकडे आणि डेटा तिथल्या तिथे बाहेर सोडता येतो. मग शाखेतल्या ॲक्सेस पॉइंटच्या पोर्टवर मात्र वापरणाऱ्यांच्या व्हीलॅन द्याव्या लागतात, जळगावच्या अगदी उलट.

दोन फायरवॉलमध्ये व्हीपीएन असेल तर जळगावकडे १०.२१.०.०/१६ चा रूट आणि चोपड्याकडे १०.२०.०.०/१६ चा, दोन्ही हवेत. आयपीसेकच्या (व्हीपीएनच्या सुरक्षापद्धतीच्या) धोरणातही दोन्ही गट दोन्हीकडे सारखे लिहिलेले हवेत. कंट्रोलरवर काही बदलायचं नाही, त्याचा डिफॉल्ट रूट पुरेसा आहे.

व्हीपीएन न घेता ॲक्सेस पॉइंट इंटरनेटवरून आणायचे असतील तर जळगावला स्थिर सार्वजनिक पत्ता लागतो. राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर ती कंपनीच्या मोठ्या नॅटमागची लाइन आहे. तिथे पोर्ट फॉरवर्ड करून (बाहेरून आलेली विनंती आत वळवून) काही उपयोग नाही. चोपड्याकडे अशी लाइन असली तरी चालते, कारण बोलणं तिकडून सुरू होतं. शिवाय कंट्रोलर शोधाच्या उत्तरात स्वतःचा १०.२०.१०.५ हाच पत्ता सांगतो आणि बाहेरचा ॲक्सेस पॉइंट त्या खासगी पत्त्याकडे धावतो. म्हणून मॅनेजमेंट इंटरफेसच्या नॅट पत्त्याच्या रकान्यात सार्वजनिक पत्ता भरा. एअरओएसमध्ये त्यानंतर ‘नॅट आयपी ओन्ली’ ही सेटिंग बंद करा, नाहीतर आवारातल्या ॲक्सेस पॉइंटनाही फक्त बाहेरचा पत्ता सांगितला जातो आणि तेच तुटतात.

शाखेत पिंग जातो, लहान पानं उघडतात, पण मोठी पानं लटकतात, असं झालं तर एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) बघा. पीपीपीओई लाइनवर (लॉगिन लागणाऱ्या ब्रॉडबँडवर) १५०० ऐवजी १४९२ बाइट मावतात, व्हीपीएनचं वेष्टन त्यातून आणखी खातं. विंडोजवर पिंगला ‘न तोडता पाठव’ हा पर्याय लावून १४७२ पासून खाली या. २८ बाइट हेडरचे, म्हणजे १४७२ गेला तर पूर्ण १५०० मावतात. जो आकडा पार होतो त्यात २८ मिळवले की खरी मर्यादा कळते, आणि त्यातून ४० वजा करून फायरवॉलवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा) बसवा.

तपासताना पिंग कुठून?

कंट्रोलरवरून नुसता पिंग केला तर तो १०.२०.१०.५ या पत्त्यावरून निघतो. त्या पत्त्याची परतीची वाट सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून तो यशस्वी होतो आणि पाहुण्यांचं जाळं मात्र बंदच असतं. पिंग करताना सोर्स बदला. १७२.१६.५०.१ वरून फायरवॉलला पिंग करा, स्विचच्या १०.२०.३२.१ वरून फायरवॉलला आणि मग इंटरनेटवरच्या ८.८.८.८ (गुगलचा डीएनएस) ला करा. फायरवॉलपर्यंत जातो आणि पुढे नाही, तर फायरवॉलच्या नॅट नियमात तो गट घातलेला नाही. फायरवॉललाच जात नसेल, तर फायरवॉलवर त्या गटाचा रूट नाही (पाहुण्यांच्या गटासाठी मुख्य स्विचवरचाही रूट बघा). नवी व्हीलॅन वाढवली की दर वेळी या दोन जागा तपासायच्या.

सगळं चालू झालं की कंट्रोलर आणि स्विच दोन्हींवर कॉन्फिगरेशन सेव्ह करा, कारण सेव्ह न केलेला रूट पहिल्या वीजखंडनात जातो. मग सुट्टीच्या दिवशी मुद्दाम दोन्ही बंद करून चालू करा: आधी स्विच, तो पूर्ण उठल्यावर कंट्रोलर. एक फोन व्हीलॅन ३२ मध्ये, एक पाहुण्यांत जोडून बघा. कॉन्फिगरेशनची एक प्रत कंट्रोलरबाहेर ठेवा आणि पत्त्यांचा कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवा, त्यावर प्रत्येक जाळ्यासमोर दोन रकाने हवेत: गेटवे कोणाकडे, आणि परतीचा रूट कुठल्या कुठल्या उपकरणावर लिहिला.